जुन्या वाटा, नवीं चाकें

ज्या घरांतील मुलें शिक्षणासाठीं अथवा नोकरीच्या निमित्तानें इंग्लंडांत जाऊन राहिलीं आहेत, अशा घरांतून अलीकडे आम्हांस एकाच विषयावरचीं पत्रें येऊं लागलीं आहेत. मुलगा किंवा सून घरीं कळवितात कीं, आम्हीं नवी सायकल घेतली. तिला 'ग्रॅव्हल' सायकल म्हणतात. आणि रविवार उजाडला कीं चांगला डांबरी रस्ता सोडून आम्ही खडीच्या, मातीच्या व गारगोट्यांच्या वाटांनीं पन्नास पन्नास किलोमीटर हिंडून येतों. हें वाचून वडील मंडळी बुचकळ्यांत पडतात. त्यांचे प्रश्न साधारणतः तीन असतात. आपल्याकडे खडीवर डांबर पडावें म्हणून लोक अर्ज करकरून थकतात, आणि हीं मुलें डांबर सोडून खडी कां शोधतात, हा पहिला. परक्याच्या शेतांतून असें चाक घालण्यास तेथील कायद्याची आडकाठी नाहीं काय, हा दुसरा. आणि यांत जिवास धोका कितपत, हा तिसरा. तीनही प्रश्न रास्त आहेत. आम्हीं त्या देशाचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे पुढें मांडून या विषयाचा थोडा व्यासंग केला. त्याचें फळ आजच्या लेखांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम वाहन पाहूं. शर्यतीच्या सायकलीचें टायर सुमारें २५ ते ३० मिलिमीटर रुंद असतें. या सायकलीचें ३५ पासून ५० पर्यंत. हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणेंच मेंढ्याच्या शिंगासारखें खालीं वळलेलें, परंतु टायरांत हवा कमी ठेवावयाची, म्हणजे चाक दगडावर आपटून उडत नाहीं, त्याला धरून चालतें. चढासाठीं हलके गियर आणि चिखलांतही धरतील असे चकतीचे ब्रेक, एवढी सामग्री झाली कीं सायकल सिद्ध झाली. हें नांव अमेरिकेंतून आलें. तेथें कॅन्सस प्रांतांत शेतांमधून खडीचे लांबच लांब सरळ रस्ते आहेत. त्यांवर २०० मैलांची एक शर्यत २००६ सालीं सुरू झाली आणि तिच्यामुळें हा प्रकार प्रसिद्धीस आला. २०२२ सालीं त्याची पहिली जागतिक अजिंक्यपदाची शर्यत इटलींतील व्हेनेतो प्रांतांत झाली. इंग्लंडांत तसे खडीचे रस्ते जवळजवळ नाहींत. तेथें चाकाखालीं येतें तें कोठें पांढरा खडू, कोठें गारगोटी, कोठें वनखात्याची गाडीवाट, तर कोठें दोन कुंपणांमधील गवताळ बोळ. शिवाय आडवाटेनें सायकल नेण्याची ही हौस तेथें आजची नव्हे. 'रफ-स्टफ फेलोशिप' नांवाचें मंडळ १९५५ सालीं लेमिन्स्टर गांवच्या एका खाणावळींत स्थापन झालें, तें याच हौसेपायीं. नांव नवें, वस्तु जुनी, असा हा प्रकार आहे.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. चांगला रस्ता टाकून वाईट रस्ता कां? याचें उत्तर सायकलीच्या इतिहासांतच आहे, आणि तें मोठें बोधप्रद आहे. डनलॉपनें हवेचें टायर १८८८ सालीं बनविलें. त्यापूर्वीं भरीव चाकांवर बसून रस्त्यानें जाणें म्हणजे हाडें खिळखिळीं करून घेणें होतें. म्हणून इंग्लंडांतील सायकलस्वारांच्या मंडळांनीं १८८६ सालीं रस्ते सुधारण्यासाठीं एक संस्था काढली, पत्रकें छापलीं, अधिकाऱ्यांच्या मागें लकडा लावला. तेव्हां मोटार रस्त्यावर यावयाची होती. रस्ते हळूहळू सुधारले, गुळगुळीत झाले, आणि मग त्यांवर मोटारी आल्या. आयत्या बिळांत नागोबा म्हणतात तो हा! ज्यांनीं गुळगुळीत रस्ता मागितला, त्यांच्याच नातवंडांस आज त्या रस्त्याच्या कडेला अंग चोरून चालावें लागतें. यास्तव तीं मोटार जेथें येत नाहीं अशा वाटेच्या शोधांत निघालीं. मुलें खडी शोधतात असें आपणांस दिसतें. वस्तुतः तीं निवांतपणा शोधतात, आणि तो खडीच्या वाटेवर शिल्लक राहिला आहे.

या वाटा जेथें विपुल आहेत तो दक्षिण इंग्लंडचा भाग मोठा सौम्य आहे. आपल्या सह्याद्रीचे कडे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस तेथील टेकड्या म्हणजे झोपलेल्या माणसानें अंगावर ओढलेल्या पांघरुणाच्या घड्या वाटतील. तेथील खडूच्या डोंगरांत सर्वांत उंच जो वॉलबरी हिल, तो अवघा २९७ मीटर. पण एवढ्यावरून त्यांस हलकें लेखूं नये. विंचेस्टरपासून समुद्रकांठच्या ईस्टबोर्नपर्यंत 'साउथ डाउन्स वे' नांवाची १६० किलोमीटरांची वाट आहे. तिच्यावरील लहान लहान चढांची बेरीज केली तर ती सुमारें चार हजार मीटर भरते. आपलें कळसूबाईचें शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे, हें ध्यानांत आणलें म्हणजे त्या पांघरुणाच्या घड्यांची करामत कळून येईल.

या टेकड्या खडूच्या आहेत असें आम्हीं म्हटलें, तें अक्षरशः खरें आहे. सुमारें दहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं तेथें उबदार समुद्र होता. त्यांतील सूक्ष्म जीवांचीं कवचें तळाशीं सांचत गेलीं, आणि त्यांचे हे थर झाले. त्या थरांत मधून मधून काळ्या-करड्या गारगोट्या आहेत. खडूचा धर्म असा कीं, पावसाचें पाणी तो पिऊन टाकतो. त्यामुळें माथा लवकर वाळतो, आणि खालच्या खोऱ्यांतील चिकणमातीच्या जमिनींत मात्र पाय गुडघाभर रुततो. प्राचीन काळीं तर तीं खोरीं दलदलीचीं व दाट झाडीचीं होतीं. तेव्हां माणसानें, गुरांनीं आणि पुढें गाड्यांनीं जी वाट धरली ती माथ्यामाथ्यानें. 'मार्ग' या शब्दाचा संबंध कोशकार 'मृग' शब्दाशीं लावतात. श्वापदाच्या पायांनीं जो पडला तो मार्ग. या डोंगरमाथ्यावर उभें राहिल्यास ती व्युत्पत्ति डोळ्यांनीं दिसावी.

अशा वाटांमध्यें 'रिजवे' ही ज्येष्ठ होय. ती निदान पांच हजार वर्षांपासून चालती आहे असें मानतात. एव्हबरीच्या प्राचीन शिळावर्तुळाजवळील ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत तिची लांबी १३९ किलोमीटर. १९७३ सालीं सरकारनें तिला राष्ट्रीय वाट म्हणून मान्यता दिली. ओव्हर्टन हिलपासून थेम्स नदीवरील स्ट्रीटली गांवापर्यंतचा पश्चिम भाग सायकलींस खुला आहे. नदीपलीकडे कांहीं तुकडे केवळ पायीं जाणाऱ्यांचे आहेत. या पश्चिम भागांत वाटेच्या कडेला 'वेलंड्स स्मिदी' नांवाचें मोठमोठ्या शिळांचें दफनस्थान आहे. तें इसवी सनापूर्वीं साडेतीन हजार वर्षांच्या सुमाराचें. तेथें अदृश्य लोहार राहतो, घोडा बांधून एक नाणें ठेवावें आणि दूर जावें, परत येईतों घोड्यास नाल ठोकलेला असतो, अशी जुनी दंतकथा आहे. सायकलीच्या फुटक्या ट्यूबवर मात्र त्या लोहाराचा इलाज चालत नाहीं. तेव्हां जाणाऱ्यानें दोन ट्यूबा पिशवींत घालूनच निघावें.

तेथून थोडें पूर्वेस गेलें कीं डोंगराच्या उतारावर अफिंग्टनचा प्रसिद्ध पांढरा घोडा येतो. याची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. हिरव्या गवतांत चर खणून त्यांत खडू ठासून भरला आहे, आणि त्या रेषांनीं ११० मीटर लांबीचा धांवता घोडा काढला आहे. १९९० नंतरच्या दशकांत तेथील मातीची शास्त्रीय परीक्षा झाली आणि तो सुमारें तीन हजार वर्षांचा असल्याचें ठरलें. कोणीं काढला, कशासाठीं काढला, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. आम्हांस आश्चर्य वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. दगडांत कोरलेलें लेणें दुर्लक्ष झालें तरी उभें राहतें. परंतु ही आकृति गवतांतली आहे. पंधरा-वीस वर्षें तिच्याकडे कोणीं पाहिलें नाहीं, तर कडांचें गवत आंत सरकेल, पावसानें माती ओघळेल, आणि घोडा नाहींसा होईल. तीन हजार वर्षांत कितीएक राज्यें आलीं आणि गेलीं, भाषा बदलल्या, धर्म बदलला. तरी दर पिढींत कोणीतरी तें गवत खुरपीत आलें आहे. पूर्वीं आसपासच्या गांवांतील लोक ठराविक वर्षांनीं जमून गवत काढीत, आणि त्या निमित्तानें जत्रा भरे. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूच्या विमानांस खूण सांपडूं नये म्हणून घोडा झांकून टाकला होता. युद्ध संपल्यावर तो पुनः उघडा केला. आतां नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या देखरेखीखालीं स्वयंसेवक गुडघे टेंकून हातोड्यानें नवा खडू ठोकतात.

आमच्या मतें त्या डोंगरावरील वाटाही या घोड्यासारख्याच आहेत. पाऊल पडेनासें झालें कीं त्यांवर कांटेरी झुडपें वाढतात, शेजारचें शेत एक एक वीत पुढें सरकतें, आणि दोन पिढ्यांनीं तेथें वाट होती हें सांगणाराही उरत नाहीं. हें आम्ही अलंकार म्हणून बोलत नाहीं; तेथील कायदाच तसें सांगतो. येथें आपण दुसऱ्या प्रश्नाशीं येऊन पोंचतों.

इंग्लंडांत जमीन एकाची व तिच्यावरून जाण्याचा हक्क सर्वांचा, अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणीं आहे. अशा सार्वजनिक हक्काच्या वाटांची लांबी एकट्या इंग्लंडांत सुमारें १,८८,००० किलोमीटर भरते. त्यांचे चार वर्ग आहेत. पहिला 'फुटपाथ', तेथें केवळ पायीं जावें. दुसरा 'ब्रायडल-वे', म्हणजे घोडेवाट. तेथें पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांस मुभा. तिसऱ्या वर्गाच्या वाटेवर बैलगाडी-घोडागाडीही चालेल, मोटार मात्र नाहीं. चौथ्या वर्गाची आडवाट मोटारीसह सर्वांस मोकळी. यांपैकीं बहुतेक लांबी पहिल्या वर्गाची असल्यामुळें सायकलस्वारास सगळ्या वाटांपैकीं जेमतेम एक पंचमांश वाट्यास येते. फुटपाथवर सायकल घातली तर सामान्यतः तो फौजदारी गुन्हा होत नाहीं, तरी तें परक्याच्या जमिनींतील अतिक्रमण होय. आणि परदेशांत राहणाऱ्या मुलानें तें कदापि करूं नये. उत्तरेकडील स्कॉटलंडांत २००३ च्या कायद्यानें सायकलस्वारास पुष्कळच मोकळीक दिली आहे. ती गोष्ट निराळी.

घोडेवाटेवर सायकलीस जो हक्क मिळाला तो १९६८ च्या ग्रामीण प्रदेशाच्या कायद्याच्या ३० व्या कलमानें. त्या कलमाला एक अट जोडलेली आहे. सायकलस्वारानें पादचाऱ्यास आणि घोडेस्वारास वाट दिलीच पाहिजे. शिवाय सायकलीसाठीं म्हणून ती वाट दुरुस्त ठेवण्याचें बंधन कोणावरही नाहीं. आम्हांस हें कलम फार आवडलें. जो वेगवान आहे त्यानें मंद चालणाऱ्यासाठीं थांबावें, जो मागून आला त्यानें आधींपासून असणाऱ्याचा मान राखावा, आणि जो हक्क मिळाला त्याबरोबर खातिरदारीची अपेक्षा करूं नये! ज्या घरांत चार पिढ्या एका माजघरांतून ये-जा करतात, तेथें याहून निराळा कोणता नियम चालतो?

पण हे हक्क सिद्ध कसे होतात? येथें आपल्या भाषेंतील एक शब्द तंतोतंत लागू पडतो, तो म्हणजे 'वहिवाट'. एखाद्या वाटेनें लोक अडथळ्यावांचून व कोणाची परवानगी न मागतां सतत वीस वर्षें गेले, आणि ती सार्वजनिक नव्हे असें मालकानें त्या काळांत स्पष्ट दर्शविलें नाहीं, तर मालकानें ती लोकांस अर्पण केली असें कायदा धरून चालतो. १९३२ च्या कायद्यानें हें ठरलें आणि १९८० च्या महामार्गांच्या कायद्यानें पुनः सांगितलें. एकदां सार्वजनिक झालेली वाट कायद्याच्या विधीनें रद्द होईपर्यंत सार्वजनिकच राहते, हें तर तेथील न्यायालयांचें जुनें सूत्र आहे. तथापि सूत्र असलें तरी पुरावा लागतो. म्हणून १९४९ च्या कायद्यानें प्रत्येक जिल्ह्यास अशा वाटांचा निर्णायक नकाशा करण्यास लाविलें. त्या नकाशावर जी वाट आली ती वाचली. जी राहून गेली ती अधांतरीं राहिली. २००० सालच्या कायद्यानें तर अशी मुदत घातली कीं, १९४९ पूर्वींच्या ज्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नोंदल्या जाणार नाहींत, त्यांवरील हक्क बुडावा. तेव्हां पायीं हिंडणाऱ्यांच्या 'रॅम्ब्लर्स' या संस्थेनें लोकांस हांक दिली. हजारों स्वयंसेवकांनीं घरीं बसून जुने व नवे नकाशे शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहिले, आणि इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें ४९,००० मैलांच्या विसरलेल्या वाटा हुडकून काढल्या. पुढें २०२३ सालीं सरकारनें ती मुदत २०३१ पर्यंत लांबविण्याचें ठरविलें, आणि २०२४ च्या डिसेंबरांत ती अजिबात काढून टाकण्याचा मानस जाहीर केला. सरकारें आपलीं मनें बदलीत असतात. नोंद झालेली वाट मात्र कोणाच्या मनावर अवलंबून राहत नाहीं.

सायकलस्वारांनींही यांत आपला भाग उचलला आहे. 'सायकलिंग यूके' ही त्यांची संस्था १८७८ सालची. तिनें २०२० सालीं 'किंग आल्फ्रेड्स वे' नांवाची ३५० किलोमीटरांची प्रदक्षिणा आंखून दिली. इसवी सन ८९९ मध्यें निवर्तलेल्या आल्फ्रेड राजाचें नांव तिला दिलें आहे. त्याच्या राजधानीच्या विंचेस्टर गांवाहून निघावें, सॉल्सबरीचें देऊळ, स्टोनहेंज व एव्हबरी पाहून रिजवे धरावी, रेडिंग व फार्नहॅम यांवरून खालीं उतरून साउथ डाउन्सच्या माथ्यानें पुनः विंचेस्टरास यावें, असा तिचा क्रम आहे. यांत नवी वाट फारशी कोणीं खणली नाहीं. जुन्या घोडेवाटा, गाडीवाटा व गांवरस्ते यांचे तुटक तुकडे होते. ते एका सूत्रांत ओंवले, एवढेंच. पण माळ झाली म्हणजे प्रत्येक मण्याकडे लक्ष राहतें.

तिसरा प्रश्न धोक्याचा. मोटारीचा धोका येथें कमी, हें वर आलेंच. राहिले ते निसर्गाचे. ओला खडू साबणासारखा निसरडा होतो, आणि हिंवाळ्यांत त्याचा पांढरा चिकट राडा चाकांत भरून चाक फिरेनासें होतें. तेव्हां मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. जूनमध्यें तेथें पहांटे पांचच्या आधीं उजाडतें आणि रात्रीं नऊपर्यंत उजेड असतो. गारगोटीची धार सुरीसारखी असते. टायर जाड घ्यावें. माथ्यावर ओढा नाहीं कीं झरा नाहीं, म्हणून पाणी बरोबर असावें. साउथ डाउन्सच्या वाटेवर कांहीं ठिकाणीं नळ बसविलेले आहेत. वासरें असलेल्या गाईंच्या कळपांतून जाऊं नये, वळसा घ्यावा. घोडा मागून आलेल्या चाकानें बुजतो. दुरूनच आवाज द्यावा, स्वारानें खूण केल्यावर पुढें जावें. शेताचें फाटक जसें सांपडलें तसें ठेवून जावें, उघडें असेल तर उघडें, बंद असेल तर बंद. वसंतांत मेंढ्या वितात, त्या वेळीं विशेष जपावें. आणि 'एक्स्प्लोरर' मालेचा नकाशा वाचावयास शिकावें. त्यांत हिरव्या आंखूड तुटक रेघा फुटपाथच्या आणि हिरव्या लांब रेघा घोडेवाटेच्या. काळ्या तुटक रेघेनें जमिनीवर वाट आहे एवढेंच कळतें. तिच्यावरून जाण्याचा हक्क आहे असें त्यावरून ठरत नाहीं. दिसणें आणि हक्क असणें यांतील हा भेद एक रेघ शिकविते.

घरच्या मंडळींसही या विषयांत करण्याजोगें कांहीं आहे. आपल्या गांवीं शेताशेतांमधून जाणारी पाणंद कोणाला ठाऊक नाहीं? आमच्या पाहण्यांत अशा कितीएक पाणंदी आहेत, कीं ज्यांतून पूर्वीं दोन बैलगाड्या समोरासमोर निघत, आणि आज एक माणूस अंग तिरपें करून जातो. आपल्या गांवनकाशावर दुहेरी तुटक रेघेनें गाडीवाट व एकेरी तुटक रेघेनें पायवाट दाखविलेली असते. १८८२ च्या ईझमेंट कायद्यांतही वीस वर्षांच्या वहिवाटीची गोष्ट आहे. मात्र तो हक्क खाजगी, आणि विलायतेंतील वर सांगितलेला हक्क सार्वजनिक, हा फरक ध्यानांत ठेवावा. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणीं अडविली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्यानें तहसीलदाराकडे दाद मागतां येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत मागितली पाहिजे. ज्या घरांतील शेती खंडानें दिलेली आहे आणि माणसें शहरांत आहेत, त्या घरांत सहा महिने कसे जातात, तें कळतही नाहीं.

तेव्हां वडील मंडळींस आमची सूचना अशी कीं, मुलांस खडीच्या वाटेनें खुशाल जाऊं द्यावें. तीं त्या देशांत पाहुणीं असलीं, तरी त्या वाटेवर आपल्या चाकानें गवत थोडें दाबून ठेवतात, म्हणजे यजमानाचें थोडें कामच करतात. मात्र पुढच्या पत्रांत त्यांस एक प्रश्न अवश्य विचारावा: तेथील नकाशा वाचावयास शिकलात, तर सुटींत घरीं याल तेव्हां आपल्या गांवचा नकाशा काढून, आपली पाणंद त्यांत आहे कीं नाहीं, हें आजोबांच्या शेजारीं बसून पाहाल काय? आजोबांस वाट ठाऊक आहे, आणि नातवास नकाशा वाचतां येतो. दोघे एका घरांत आहेत तोंच हें काम उरकून घ्यावें.